अर्धांगवायूनंतरचा हात आणि चिकटपट्टी

भाकरी थापणें हें दोन हातांचें काम आहे. एका हाताचा तळवा पिठावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताचीं बोटें कड सांवरीत भाकरी गोल फिरवितात. ज्या बाईनें पन्नास वर्षें रोज हें काम केलें, तिला त्यांत कांहीं विशेष आहे असें कधीं वाटत नाहीं. भोर तालुक्यांतील भोंगवलीसारख्या गांवीं अशा एका घराची कल्पना करावी. घरांत साठी ओलांडलेली आई आहे. थोरला मुलगा व सून शेती पाहतात आणि धाकटा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. एके दिवशीं सकाळीं परातीपुढें बसलेल्या आईचा उजवा हात एकाएकीं पिठांत पडतो आणि तसाच पडून राहतो. ती सुनेला हांक मारूं पाहते, तर जीभ जड झालेली असते. शेजारची म्हातारी धांवत येते, पाहते आणि म्हणते, "अंगावरनं वारं गेलंय."

हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार जुना आहे, आणि अर्धांगवायु या शास्त्रीय वाटणाऱ्या नांवांतहि वायूच आहे. प्रत्यक्षांत बिघाड वाऱ्याचा नसून रक्तपुरवठ्याचा असतो. मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीनें बंद होते, किंवा फुटते, आणि तिच्यावर पोसला जाणारा मेंदूचा भाग कांहीं मिनिटांतच मरूं लागतो. गुठळी विरघळविणारें जें औषध आहे तें झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, व तेंहि सीटी स्कॅन करून मेंदूंत रक्तस्राव नाहीं अशी खात्री पटल्यावरच. म्हणून तोंड वांकडें होणें, उचललेला एक हात खालीं गळणें आणि बोलणें अडखळणें या तीन खुणांपैकीं एकहि एकाएकीं दिसली, तर तेल चोळीत बसूं नये. महाराष्ट्रांत 2014 सालापासून 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, ती बोलवावी. जेथें स्कॅनची सोय आहे अशाच रुग्णालयाची चौकशी करावी आणि खुणा किती वाजतां सुरू झाल्या तें लिहून ठेवावें.

परंतु या भाषणाचा मुख्य विषय ते पहिले तास नसून त्यांच्या पुढचे महिने हा आहे. आई वांचते, रुग्णालयांतून घरीं येते. लोक भेटून जातात. महिना-दीड महिन्यांत ती भिंतीच्या आधारानें अंगणापर्यंत चालूं लागते आणि घरच्यांना हायसें वाटतें. उजवा हात मात्र मांडीवर पडलेला असतो. तो आज येईल, उद्यां येईल, अशी वाट पाहण्यांत दिवस जातात.

पाय लवकर येतो आणि हात मागें राहतो, हा अनुभव पुष्कळ घरांतला आहे. त्याचें एक कारण असें कीं, शरीराचा भार पेलून एकापुढें एक पाऊल टाकण्यापेक्षां सुईंत दोरा ओंवणें हें मेंदूच्या दृष्टीनें फार मोठें काम आहे. कॅनडांतील माँट्रियल येथील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनीं आपले सहकारी बोल्ड्री यांच्यासह 1937 सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळीं शुद्धीवर असलेल्या रोग्यांच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाहाचा स्पर्श करून, कोणत्या जागेवरून कोणता अवयव हलतो याचें टिपण त्यांनीं केलें होतें. त्यांत असें दिसलें कीं, हात आणि तोंड यांनीं मेंदूचा जेवढा पृष्ठभाग व्यापला आहे, तेवढा सबंध पाठ-पोटानेंहि व्यापलेला नाहीं. ज्याची वतनदारी एवढी मोठी, त्याची हानि भरून यावयासहि तेवढाच वेळ लागावा हें साहजिक आहे.

घरीं पडलेला हात एकाच स्थितींत राहत नाहीं. प्रथम तो लुळा असतो. खांद्याचे स्नायु सैल पडल्यामुळें हाताच्या वजनानेंच सांधा खालीं ओढला जातो आणि दुखूं लागतो. हालचाल नसल्यामुळें व हात खालीं लोंबत असल्यामुळें पंजाच्या पाठीवर सूज येते. पुढें कांहीं आठवड्यांनीं पुष्कळांच्या बाबतींत उलट प्रकार सुरू होतो. कोपर दुमडतें, मनगट आंत वळतें, मूठ मिटते आणि आंगठा तळव्यांत शिरतो. मूठ मिटणारे स्नायु मेंदूच्या ताब्यांतून सुटून सारखे ताठ राहतात, आणि बोटें उघडणारे स्नायु त्यांच्यापुढें दुबळे ठरतात. आईच्या तळव्याला घाम येतो, नखें रुततात, सून रोज तो हात उघडून पुसते. "आत्या, जरा सैल सोडा कीं," असें ती म्हणते. पण सोडणें हें आत्याच्या हातीं राहिलेलें नसतें.

अशा वेळीं पुण्याच्या धाकट्या मुलाच्या पाहण्यांत चिकटपट्टी येते. मोबाइलवर कोणीतरी रंगीत पट्टी लावतो आणि मिटलेली मूठ उघडलेली दिसते. दूर राहणाऱ्या मुलाला आईसाठीं कांहींतरी केल्याचें समाधान हवें असतें. तो निळ्या पट्टीची एक गुंडाळी विकत घेऊन रविवारीं गांवीं येतो. आई त्या निळ्या पट्टीकडे देवाच्या गंड्याकडे पाहावें तशी पाहते. त्या पट्टींत खरोखर काय आहे आणि काय नाहीं, हें अशा प्रत्येक घरानें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण त्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांचा उपयोग अवलंबून आहे.

प्रथम पट्टींत काय नाहीं तें पाहूं. तिच्यांत औषध नाहीं. ती सुताच्या लवचिक कापडाची असते व तिच्या पाठीला चिकट द्रव्याचा थर असतो. अंगाच्या उबेनें तो अधिक चिकटतो. ताणली असतां ती मूळ लांबीच्या सुमारें दीडपट होते. निळी, गुलाबी, काळी अशा रंगांचे गुण वेगळे नसतात. रंग केवळ डोळ्यांसाठीं आहे. हिची कल्पना जपानचे केंझो कासे यांनीं 1970 नंतरच्या दशकांत पुढें आणली. जुनी ताठ पट्टी सांधा आवळून धरीत असे. त्याऐवजीं कातडीबरोबर ताणली जाणारी व हालचाल न अडविणारी पट्टी असावी, असा त्यांचा विचार होता. 2008 सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श खांद्यावर काळी पट्टी लावून खेळली, आणि ही वस्तु जगभर डोळ्यांत भरली. खेळाडूंकडून ती अर्धांगाच्या रोग्यांपर्यंत आली.

शिकलेला फिजिओथेरपिस्ट अथवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट ती हातावर तीन-चार हेतूंनीं लावतो. पंजावर सूज असेल तर पट्टीचें एक टोक अखंड ठेवून बाकीची पंख्याच्या काड्यांप्रमाणें चिरतात, आणि त्या काड्या फारसा ताण न देतां पंजाच्या पाठीवर पसरून लावतात. मूठ मिटत असेल तर कोपराच्या खालून मनगटाच्या पाठीवरून बोटांपर्यंत पट्टी नेतात, म्हणजे उघडणाऱ्या स्नायूंच्या बाजूस कातडीला हलकी ओढ राहते. आंगठा तळव्यांत शिरत असेल तर त्याला बाहेरच्या बाजूस ठेवण्यासाठीं एक लहान पट्टी देतात. खांदा खालीं उतरला असेल तर तेथें बहुधा ताठ पट्टी अधिक उपयोगी पडते, कारण तेथें आधार हवा असतो. या सर्वांमागचा तर्क असा कीं, कातडीवरील ओढ ही मेंदूला सतत मिळणारी एक सूचना आहे. "हा हात येथें आहे, याला या बाजूला वळावयाचें आहे," अशी आठवण ती पट्टी करून देते.

तर्क चांगला आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. या पट्टीच्या पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत. त्यांतील बहुतेक लहान आहेत, आणि प्रत्येक ठिकाणीं लावण्याची पद्धति निराळी आहे. कांहींत खांद्याचें दुखणें किंवा हाताचा ताठरपणा कांहीं काळ कमी झाला असें दिसलें. कांहींत नुसती ताण न देतां लावलेली खोटी पट्टी आणि खरी पट्टी यांत फारसा फरक आढळला नाहीं. ज्या ठिकाणीं लाभ झाला तेथेंहि पट्टीच्या जोडीला नेहमींचे व्यायाम चालू होते. केवळ पट्टी लावून बसलेल्या माणसाचा हात परत आला, असें कोणतीहि भरंवशाची चाचणी सांगत नाहीं. म्हणून पट्टीला मदतनीस म्हणावें. धनी म्हणूं नये.

मदतनीसहि बेफिकिरीनें वागला तर नुकसान करतो. अर्धांगाच्या हाताला पुष्कळदां स्पर्श कमी समजतो, आणि येथेंच खरा धोका आहे. निरोगी माणसाला पट्टी रुतली तर तो ओरडेल; आईला तें कळणारहि नाहीं. पट्टी बोटाभोंवतीं अथवा मनगटाभोंवतीं बांगडीसारखी पूर्ण गुंडाळूं नये. अधिक ताणली म्हणजे अधिक गुण येईल ही समजूत चुकीची आहे. जास्त ताणानें कातडीला फोड येतात. पहिल्यानें बोटभर तुकडा दंडाच्या आंतल्या बाजूस एक दिवस लावून पाहावा. लाली, खाज किंवा पुरळ आल्यास ती पट्टी त्या माणसासाठीं नव्हेच. जखम, भाजलेली जागा, पुरळ, किंवा फार पातळ झालेली कातडी यांवर ती लावूं नये. मधुमेह असेल तर दुप्पट जपावें. हात अथवा पाय एकाएकीं सुजून गरम झाला असेल, तर शिरेंत गुठळी झाल्याची शंका असते. तेथें पट्टी न लावतां डॉक्टरकडे जावें. लावल्यावर नखांचा रंग पाहावा, बोटें सुजत नाहींत ना तें पाहावें. तीन ते पांच दिवसांनीं ती काढावी. काढतांना झटका देऊं नये. तेल किंवा साबणाचें पाणी लावून, केसांच्या दिशेनें, दुसऱ्या हातानें कातडी दाबून धरीत ती हळूहळू सोडवावी, आणि कातडीला एखादा दिवस विसावा द्यावा.

आतां धनी कोण, तें सांगितलें पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनीं माकडांवर केलेल्या प्रयोगांत त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. हाताची संवेदना नेणाऱ्या मज्जा तोडलेलें माकड तो हात वापरणें सोडतें, आणि पुढें तो वापरतां येण्याजोगा असला तरीहि वापरीत नाहीं. प्रारंभीं प्रत्येक प्रयत्न फसतो, म्हणून तें प्रयत्नच करीत नाहीं, आणि न वापरण्याची संवय जडते. चांगला हात बांधून ठेवला म्हणजे दुबळा हात कामाला लागतो. हेंच माणसांवर करून पाहिलें गेलें. झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांतील 222 रोग्यांवर अमेरिकेंत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2006 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत चांगल्या हाताला जागेपणीं बहुतेक वेळ मोजा घालून दोन आठवडे दुबळ्या हाताकडून कसून कामें करून घेतली. त्या रोग्यांचा हात नेहमींच्या उपचारांतील रोग्यांच्या हातापेक्षां स्पष्टपणें अधिक सुधारला. ज्यांना मनगट व बोटें थोडीं तरी उघडतां येत होतीं, अशांपुरतीच ही पद्धति आहे, हें मात्र विसरूं नये. अगदीं लुळ्या हाताला बांधून घातल्यानें माणूस केवळ हताश होतो.

भोंगवलीच्या त्या घरांत ही संवय कशी जडते तें पाहावें. आई पाण्याचा तांब्या घेण्यास हात पुढें करते, तर सून धांवत येऊन तांब्या तिच्या डाव्या हातांत देते. पदर ती खोंचते, घासहि ती भरविते. यांत माया आहे यांत शंका नाहीं. परंतु दिवसांतून वीस वेळां जो प्रयत्न उजव्या हातानें झाला असता, तो वीसहि वेळां मायेनें हिरावून घेतलेला असतो. आणि मग निळी पट्टी लावून तो हात मांडीवर ठेवला, तर "उपचार चालू आहे" एवढें समाधान घराला मिळतें; हाताला कांहींच मिळत नाहीं.

नित्याच्या कामांतून हात परत शिकवावा ही दृष्टि महाराष्ट्राला नवी नाहीं. अमेरिकेंत जन्मलेल्या आणि विवाहानें निंबकरांच्या घरांत आलेल्या कमलाबाई निंबकर यांनीं 1950 सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचें विद्यालय सुरू केलें. हिंदुस्थानांतील तें पहिलेंच होय. विणणें, वळणें, पुसणें, उचलणें अशीं माणसाच्या अंगवळणीं पडलेलीं कामें हेंच त्या शास्त्राचें औषध आहे. भोंगवलीच्या आईला रबराच्या चेंडूशीं कांहीं नातें नाहीं, पिठाशीं आहे. तेव्हां परातींत मऊ पीठ घ्यावें, डाव्या हातानें उजवा हात त्यावर ठेवावा आणि बोटें पसरावीं. गव्हाचे दाणे एका वाटींतून दुसऱ्या वाटींत टाकावे, ओला कपडा चौकटीवरून फिरवून पुसावा, शेंगा सोलतांना उजव्या हातानें नुसती शेंग धरून ठेवावी. प्रथम उजवा हात केवळ धरणारा असेल. पुढें तो उचलणारा होईल, न झाला तरी धरणारा राहील, आणि तेंहि थोडें नव्हे. पट्टी लावलेलीच असेल, तर ती लावून हीं कामें करावीं. तिचा उपयोग झाला तर येथेंच होईल.

कोणी म्हणेल, मग घरच्यांनींच सर्व करावें आणि तज्ज्ञांची जरूर काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच देशांत मिळालें आहे. 14 रुग्णालयांतील 1250 रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2017 सालीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत रोग्याच्या घरच्या एका माणसाला व्यायाम करवून घेण्याचें शिक्षण देऊन पाठविलें होतें. सहा महिन्यांनीं पाहतां, मृत्यु आणि परावलंबन यांच्या बाबतींत या रोग्यांत आणि नेहमींचे उपचार घेणाऱ्यांत फरक आढळला नाहीं. यावरून घरचे निरुपयोगी आहेत असें ठरत नाहीं. कुटुंबाला एकदां शिकवून सोडून दिल्यानें काम भागत नाहीं, एवढाच त्याचा बोध दिसतो. वेळोवेळीं हात पाहून काम बदलून देणारा जाणकार हवा, आणि मधल्या दिवसांत तें काम रोज होईल अशी व्यवस्था घरांत हवी. दोहोंपैकीं एक असून भागत नाहीं.

ही व्यवस्था शहरांत राहणाऱ्या मुलांना करतां येण्यासारखी आहे, आणि गुंडाळी धाडण्यापेक्षां ती अधिक मोलाची आहे. त्या धाकट्या मुलानें आईला प्रथम एकदां तज्ज्ञाकडे नेऊन दाखवावें. पट्टी लावावयाची असेल तर ती कोठें, किती ताणानें, किती दिवस, हें वहिनीच्या समक्ष शिकून घ्यावें आणि तिच्या हातून एकदां लावून घ्यावें. मोबाइलवर हाताचें चित्र घेऊन तज्ज्ञाला पंधरा दिवसांनीं दाखवितां येतें. गांवांत प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, जसें तें भोंगवलीस आहे, तर रक्तदाब तेथें नियमानें तपासून घ्यावा. कारण दुसरा झटका आला तर पहिल्याचे सर्व श्रम वायां जातात. रक्तदाबाच्या व इतर गोळ्या बरें वाटतें म्हणून बंद करूं नयेत. घरच्यांना आणखी दोन गोष्टी सांगाव्या. आईला उठवितांना दुबळा हात धरून कधींहि ओढूं नये, त्यानें खांदा कायमचा दुखावतो. आणि बसलेली असतांना तो हात लोंबत न ठेवतां उशीवर अथवा पाटावर ठेवावा. ती सारखी रडत असेल, कशांतच रस घेत नसेल, तर तो हट्ट किंवा वयाचा दोष समजूं नये. झटक्यानंतर मन खचणें हा त्या दुखण्याचाच भाग असूं शकतो व त्यावर उपचार आहेत.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत बहुधा अधिक वेगानें होते आणि पुढें मंदावते. पण मंदावणें म्हणजे थांबणें नव्हे. पुष्कळांचा हात पूर्ववत् होत नाहीं, हेंहि आईला व घरच्यांना खरेंच सांगितलें पाहिजे. खोटी आशा दिली तर दोन महिन्यांनीं आई पट्टीवरचा आणि घरच्यांवरचा असे दोन्ही विश्वास गमावून बसते. खरें सांगितलें तर ती आपल्या हाताचा हिशेब स्वतःच ठेवूं लागते. मागच्या एकादशीला बोट हललें नव्हतें, या एकादशीला वाटीची कड धरली, असा तो हिशेब असतो.

पांच-सहा महिन्यांनीं त्या घरांत गेलें तर कदाचित् असें दिसेल. निळ्या पट्टीची गुंडाळी कोनाड्यांत अर्धी शिल्लक आहे. परात सुनेपुढें आहे, आई शेजारीं बसली आहे. थाप डावा हात देतो. उजव्या हाताचीं बोटें पिठाची कड धरून आहेत; फिरवितांना तीं मधूनच सुटतात, आणि सून तीं परत ठेवण्यास पुढें होते. आई तिला थांबविते आणि म्हणते, "राहूं दे ग, मीच ठेवते." भाकरी वांकडी होते. तव्यावर ती टाकावी, भाजावी आणि घरच्यांनीं ती आवडीनें खावी.